निळा माइक : फडावर गेलेला वर्ग आणि बाईंचं मोबाईल शिकणं

माझ्यासमोर एक शंभर पानी वही आहे. पुढून उघडली तर शालेय पोषण आहाराचा हिशेब: तांदूळ किती आला, मूगडाळ किती शिजली, शिल्लक किती. उलटी करून मागून उघडली की पहिल्याच पानावर निळ्या पेनाने लिहिलंय, "गोल फिरतंय म्हणजे बिघडलं नाही. थांबायचं."

वही माझ्या शेजारच्या शाळेवरच्या बाईंची. शाळा बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवरची, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. बाईंचं आणि वस्तीचं नाव लिहीत नाही, कारण बाईंची तशी अटच आहे. "लिहा की सर, पण माझं नाव नको. तसंही त्यात माझ्यापेक्षा तुमच्याच चुका जास्त निघतील." खरंच निघाल्या. तेव्हा केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, यादीत माझ्या नावापुढे 'तंत्रस्नेही शिक्षक' असं लिहिलेलं होतं. म्हणजे "सर, लिंक उघडत नाही" असं कोणीही कधीही ज्याला फोन करून सांगावं, तो माणूस.

2020 साली बाई 52 वर्षांच्या होत्या. डी.एड. करून 1990 मध्ये नोकरीला लागल्या. तिसरी-चौथी एकत्र त्यांच्याकडे, पट 17. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र होतं, लॅमिनेट करून ठेवलेलं. आमच्या खात्यात ते बहुतेकांनी वेतनवाढ अडू नये म्हणूनच केलं, आणि परीक्षा झाली की माउसचा हात सुटला तो सुटलाच. शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर होता. वीजबिल थकून मीटर बंद झालं आणि तो कपाटात गेला. त्यामुळे बाईंना 'तंत्रज्ञान येत नाही' असं जेव्हा शिक्षण परिषदेत म्हटलं जाई, तेव्हा त्यांच्या वाट्याला तंत्रज्ञान किती आलं होतं, हे कोणी विचारत नसे.

वर्ग ट्रकमध्ये बसून जातो

इथली शाळा समजायची तर आधी कोयता समजून घ्यावा लागतो. दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीसाठी मुकादमाच्या, म्हणजे मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्याच्या, गाड्या येतात. उन्हाळ्यात-पावसाळ्यात घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, फेडायला नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात बेळगावकडे निघते. भांडी, पत्रे, शेळी, कोंबड्या आणि लेकरं एकाच ट्रकमध्ये. हंगाम संपून परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. दुसऱ्या सत्रात आमचे वर्ग अर्धे रिकामे असतात ते त्यामुळे.

यावर उपाय नाहीत असं नाही. गावातच लेकरं राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे फडाजवळच्या, जिथे ऊस तोडतात तिथल्या, शाळेने त्याला बसवून घ्यावं. पण फड आज इथे तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या शिवारात, कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, शाळेपासून लांब, आणि दहा वर्षांची मुलगी असेल तर धाकट्याला सांभाळायला कोपीवर तीच. कार्ड आईच्या पिशवीत घडी होऊन राहतं.

2020 मध्ये याच्यावर कोविड आला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमची माणसं कारखान्यांवर अडकली होती. एप्रिलमध्ये सरकारने परतीची परवानगी दिल्यावर गावी आली. जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं, पण शाळेला कुलूप. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेची 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपवर लिंक होऊन यायची, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं. बाईंच्या 17 घरांपैकी ज्याला गावात 'टच मोबाईल' म्हणतात तो होता आठ घरांत. बाकीकडे बटणाचा, दोन घरांत तोही नाही.

पहिली फेरी, म्हणजे माझी

या काळात बाईंना मी बरंच काही 'शिकवलं'. झूम उतरवून दिलं. जीमेलचं खातं काढून दिलं, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला, चिठ्ठी हरवली, मग पुन्हा खातं काढून दिलं. दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं ॲप टाकलं, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड कसा स्कॅन करायचा ते दाखवलं. त्या वर्षाच्या अखेरीस शिक्षकांचं 'निष्ठा' प्रशिक्षण दीक्षावर आलं, 18 घटकसंचांचं. बाईंचे बरेचसे घटकसंच मी माझ्या फोनवर त्यांच्या नावाने लॉगिन करून पूर्ण केले. व्हिडिओ चालू करून फोन खिडकीत ठेवायचा आणि आपण जेवायला बसायचं. प्रमाणपत्र आलं, बाईंनी आभार मानले, केंद्राचा तक्ता शंभर टक्के झाला. आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

ऑगस्टमध्ये बाईंचा पहिला गूगल मीटवरचा तास झाला. मी त्यांच्या ओसरीवर शेजारी बसलेलो. आठ घरांना लिंक पाठवली, चार आले. एकाच्या पडद्यावर छताचा पंखा, एकीच्या पडद्यावर आजीचा कान. "आवाज येतोय का?" "बाई, तुमचा येईना." "आता?" यात वीस मिनिटं गेली. मग बाईंनी एक कविता म्हटली, ती चार घरांतून चार वेगवेगळ्या वेळी परत ऐकू आली. मी स्क्रीनशॉट काढला आणि गटावर टाकला. तालुक्यावरून अभिनंदन आलं. बाई फोन खाली ठेवून म्हणाल्या, "सर, मी आज काय शिकवलं, ते सांगा बरं मला." मी हसण्यावारी नेलं.

हे का बसत नव्हतं? वयामुळे, असं मला तेव्हा वाटायचं, आणि अजूनही प्रशिक्षण घेणारे बरेच जण तसंच म्हणतात. पण याच बाई चुलीवर पंचवीस लेकरांची खिचडी, तिसरीचा पाढा आणि चौथीचा उतारा एकाच वेळी सांभाळतात. एका पडद्यावरची चार चित्रं त्यांना जड जावीत याला दुसरं काही कारण असणार.

एक कारण मीच होतो. बाईंचा फोन आला की मी शनिवारी गाडी काढायचो, त्यांच्या हातातून मोबाईल घ्यायचो, अंगठे चालवायचो आणि "झालं बघा" म्हणून परत द्यायचो. माझे अंगठे कुठून कुठे गेले, हे त्यांना दिसायच्या आत काम संपलेलं असायचं. वर "अटॅच करा, शेअर करा, सेटिंगमध्ये जा" हे शब्द मी असे वापरायचो की जणू ते जात्यावरच्या ओवीत येतात.

दुसरं कारण मला फार उशिरा कळलं. बाईंचा फोन भरलेला होता. सुप्रभात, वाढदिवस, सणांच्या शुभेच्छा, या सगळ्या चित्रांनी जागाच उरली नव्हती. त्यामुळे ॲप मध्येच बंद पडायचं, फाईल उतरायची नाही. माझ्या फोनला असं झालं तर मी फोनला शिव्या देतो. बाईंना वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. आणि एकदा चुकलं असं वाटलं की त्या बटणाकडे बोट परत जायचं नाही.

चौदा दिवस

नोव्हेंबरमध्ये गाड्या आल्या. 17 पैकी 11 लेकरं गेली. शाळा बंदच असल्याने गावात ठेवायला कारण नव्हतं, आणि आमच्याकडे त्या वर्षी वसतिगृहही सुरू झालं नाही.

त्या अकरांत चौथीतली एक मुलगी होती. दोन वर्षं अडखळत अडखळत आता कुठे तिचं वाचन सुटू लागलं होतं, जोडाक्षरापाशी थांबायची पण थांबून पुढे जायची. बाईंचा जीव तिच्यात अडकला होता. "ही एप्रिलला येईल तेव्हा परत 'क'ला काना 'का'वर आलेली असेल, सर. मला माहीत आहे, मी तीस वर्षं बघतेय." त्यांनी तिच्या बापाला फोन लावले. दिवसा तो फडात, फोन उचलायचा नाही. रात्री लागायचा, पण रेंज गचके खायची आणि मुलगी "हॅलो, हॅलो" यापलीकडे जायची नाही.

मग एका रात्री तिच्या आईकडून बाईंच्या व्हॉट्सॲपवर काहीतरी आलं. अक्षरं नाहीत, चित्र नाही, नुसती एक रेघ आणि शेजारी माइक. बाईंनी मला फोन केला. नेहमीसारखा मी निघालोच असतो, पण आदल्या दिवशी माझे वडील पॉझिटिव्ह आले होते आणि मी 14 दिवस घरात अडकलो होतो. गाडी काढता येत नव्हती. बाईंच्या हातातला फोन माझ्या हातात येण्याची सोयच उरली नव्हती.

"बाई, डाव्या हाताला एक त्रिकोण दिसतो का, आडवा पडलेला?"

"शंकरपाळ्यासारखा?"

"अर्धा शंकरपाळा. त्यावर बोट टेकवा."

पलीकडे वारा, ट्रॅक्टरचा आवाज, कुत्रं. मग त्या आईचा आवाज, माझ्यापर्यंतही पोचला: "बाई, लेकरू वाचायलंय बघा, ऐका." आणि मागून ती मुलगी, तिसरीच्या जुन्या पुस्तकातलं काहीतरी वाचत होती. चाळीसेक सेकंद. बाईंनी ते तीनदा लावलं.

या प्रकरणाचं खरं वळण इथे आहे, आणि ते ना माझ्या डोक्यातून आलं ना कुठल्या परिपत्रकातून. आमच्या ऊसतोड माणसांना लिहिणं जड जातं, म्हणून ती कधीची आवाजच पाठवत होती. उचलीचा हिशेब, गाडी कधी भरणार, म्हातारीला दवाखान्यात नेलं का, सगळं माइकवर. मुकादमही आवाजातच दम देतो. आम्ही शिक्षक मात्र त्यांना लिंका, पीडीएफ आणि फॉर्म पाठवत होतो. जे साधन त्या कोपीत आधीच रुळलेलं होतं, ते आमच्या एकाही प्रशिक्षणात नव्हतं.

पुढचे चौदा दिवस मी रोज फोनवरून सांगत होतो आणि बाई करत होत्या. फोनवरून सांगायचं तर प्रत्येक गोष्टीला नाव लागतं, आणि माझी नावं चालत नव्हती. मग बाईंनी स्वतःची ठेवली. कागद जोडायच्या खुणेला 'यू-पिन'. पाठवायच्या खुणेला 'विमान'. तीन ठिपक्यांना 'मुंग्या'. हे सगळं त्या वहीत मागून उतरत गेलं, चित्रांसकट. काही नोंदी जशाच्या तशा देतो:

"माइकवर अंगठा ठेवून बोलायचं. अंगठा उचलला की जातं, अर्धं असलं तरी."

"अंगठा वर सरकवला की कुलूप लागतं. मग हात मोकळा. पुस्तक धरता येतं."

"घड्याळ दिसलं तर रेंज नाही. परत परत पाठवू नये. रेंज आली की आपलं आपण जातं."

"एक बरोबर = आपल्याकडून गेलं. दोन बरोबर = त्यांच्याकडे पोचलं. माइक निळा = ऐकलं."

शेवटच्या नोंदीतला 'बरोबर' मला फार आवडतो. ज्याला आपण सगळे टिक म्हणतो ती बाईंच्या लेखी तीस वर्षं वह्यांवर केलेली बरोबरची खूण होती. त्यांना ती शिकवावी लागली नाही, ओळखीची निघाली.

एक मिनिट, एकाच लेकराचं

डिसेंबरपासून रोज संध्याकाळी साडेसातला बाईंचं रेकॉर्डिंग जायला लागलं. एक मिनिटाचं, जास्त नाही. एक छोटा उतारा, सावकाश वाचलेला, आणि शेवटी एक प्रश्न. लेकरांनी तोच उतारा वाचून परत पाठवायचा. उतारा बाई स्वतः स्केचपेनाने कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहायच्या आणि फोटो काढून पाठवायच्या. पुस्तकाची पीडीएफ असताना हा उद्योग कशाला, असं मी म्हटलं. "पाच बोटांच्या पडद्यावर पुस्तकाचं पान मुंगीएवढं दिसतं, सर. एकदा लेकरू होऊन बघा." फोटोवर आपलीच सावली पडते, हे त्यांच्या लक्षात आलं आणि कागद घराच्या उंबऱ्यात ठेवायला लागल्या.

आवाजाचा हिशेब साधा आहे. एका मिनिटाचं बोलणं शे-दोनशे केबीत मावतं, तेवढाच व्हिडिओ कित्येक एमबी खातो. कोपीत रेंज येते-जाते, पण घड्याळ लावून पडून राहिलेला आवाज मध्यरात्री का होईना निघतो. मीटच्या तासाला सगळ्यांनी एकाच वेळी हजर राहावं लागतं. फडावरच्या माणसाला ते शक्यच नसतं, त्याची पहाट तीन-चारला होते आणि गाडी भरायचा सांगावा कधीही येतो.

पण बाईंना त्यात सापडलं ते वेगळंच. तिसरी-चौथी एकत्र, पंधरा-सतरा लेकरं, त्यात पोषण आहार, त्यात ऑनलाइन माहित्या. एका लेकराचं वाचन अख्खा एक मिनिट, मध्ये कोणी न बोलता, तीस वर्षांत त्यांनी क्वचितच ऐकलं होतं. आता रात्री जेवणं उरकून त्या एकेकाचं लावायच्या, हवं तिथे पुन्हा लावायच्या, आणि वहीत खुणा करायच्या. एक मुलगा वर्गात तोंड उघडत नव्हता म्हणून 'कच्चा' ठरलेला. कोपीत, अंधारात, फोनला तोंड लावून तो सरळ वाचत होता, विरामचिन्हांना थांबत. दुसरा एकजण फाडफाड वाचायचा, तर बाईंनी एके दिवशी उताऱ्यातली दोन वाक्यं मागेपुढे केली. त्याने जुन्याच क्रमाने म्हणून दाखवली. पाठ होतं ते. तिसरीतल्या एकीच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक अवघड शब्दाआधी एक बारीक कुजबुज ऐकू यायची, थोरल्या बहिणीची. बाईंनी दुसऱ्या दिवसापासून थोरलीलाही उतारा दिला. ती सातवीतून शाळा सोडलेली.

म्हणून मी म्हणतो, या प्रकरणात बाईंना साधन 'आलं' ते त्याच्यातून त्यांना मुलाबद्दल नवं काही कळायला लागलं त्या दिवशी. त्याआधी त्या जे करत होत्या ते माझ्या समाधानासाठी.

गमतीही झाल्या. एकदा बाईंनी रेकॉर्डिंग चुकून केंद्राच्या गटावर टाकलं. तीसेक शिक्षक आणि केंद्रप्रमुख साहेबांनी ऐकलं: "उद्या वाचून पाठवलं नाही तर कान धरीन हं." एका मुख्याध्यापकांनी "होय बाई" असं उत्तर दिलं. बाई दोन दिवस गटावर फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वहीत नोंद पडली: "पाठवण्याआधी वर नाव वाचायचं."

एकच बरोबर

सगळ्यांत अवघड आठवडा जानेवारीत आला. सुरुवातीला बाईंनी पालकांचा गट केला होता. गटात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. वस्तीवरच्याच कोणीतरी एका आईचा नंबर तिथून उचलला आणि तिला रात्री-अपरात्री मेसेज टाकायला लागला. तिने बाईंना सांगितलं. बाईंनी त्याच संध्याकाळी गट मोडला, मला फोन केला आणि माझ्यावर चिडल्या. हा धोका मी आधी सांगायला हवा होता.

मी ब्रॉडकास्ट सुचवलं: एकदाच पाठवायचं, जातं मात्र प्रत्येकाला वेगळं, कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. बाईंनी यादी केली, रेकॉर्डिंग पाठवलं. दुसऱ्या दिवशी तीनच उत्तरं. तिसऱ्या दिवशीही तीनच. चौथ्या दिवशी बाईंनी रागावलेलं रेकॉर्डिंग पाठवलं. तेही तिघांनीच ऐकलं, म्हणजे जी वाचत होती त्यांनीच बोलणी खाल्ली.

कोडं बाईंनी स्वतः सोडवलं, वहीवरून. एकेकाचं नाव उघडून बरोबरच्या खुणा बघितल्या. काहींना दोन, आणि काहींना रोज, चारही दिवस, एकच. रेंज असती-नसती तर कधीतरी दोन झाले असते. त्यातल्या एका आईला त्यांनी साधा फोन लावून विचारलं, "माझा नंबर तुझ्या मोबाईलमध्ये कोणत्या नावाने आहे गं?"

"नावानं नाही बाई. पाठ आहे मला."

ब्रॉडकास्टचा नियमच तो आहे: समोरच्याने आपला नंबर जतन केलेला असेल तरच मेसेज पोचतो. हा नियम मला, तंत्रस्नेही माणसाला, माहीत नव्हता. ज्या आयांना नाव लिहिता येत नाही त्यांनी नंबर जतन केलेलाच नव्हता. कोणी मुकादमाच्या पोराकडून, कोणी टोळीतल्या शाळकरी मुलाकडून तो करून घेतला. आठवडाभरात रेकॉर्डिंग सुरळीत झालं. चार दिवस ज्यांना आळशी समजलं त्यांची बाईंनी एकेकाला फोन करून माफी मागितली. मला हे आवश्यक वाटलं नव्हतं.

बाकीची साधनंही बाईंनी हाताळली, आता बिचकत नव्हत्या. गूगल फॉर्मवर एक चाचणी केली. एकाही कोपीतून ती भरून आली नाही, तो नाद सोडला. नोव्हेंबर 2020 पासून व्हॉट्सॲपवर 'स्वाध्याय' सुरू होतं, दर आठवड्याला प्रश्न यायचे. ते गावात राहिलेल्या दोघांना जमलं. गूगलचं 'रीड अलाँग' दोन घरांत चांगलं चाललं, कारण गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की रेंज लागत नाही. दीक्षावरचे व्हिडिओ लेकरांना पाठवायचं त्यांनी बंद केलं. त्या स्वतः आदल्या रात्री बघायच्या आणि त्यातलं हवं ते दुसऱ्या दिवशी आपल्या आवाजात सांगायच्या. ते व्हिडिओ ज्यांनी केले त्यांना ही वापराची पद्धत सुचली असेल असं वाटत नाही, पण मला ती सगळ्यांत शहाणी वाटते.

जे जमलं नाही

गणित जमलं नाही. हातच्याची वजाबाकी आवाजात शिकवता येत नाही. दशकाचा गठ्ठा सोडून सुट्या काड्या करताना लेकराला दिसावं लागतं, त्याहून खरं म्हणजे त्याच्या हातात गठ्ठा असावा लागतो. बाईंनी काड्या घेऊन दोन मिनिटांचा व्हिडिओ केला. डोंगरातल्या रेंजमधून तो जाता जाईना, आणि गेला तिथे उतरेना. फेब्रुवारीनंतर त्यांनी गणिताचा नाद सोडून फक्त वाचन आणि तोंडी पाढे धरले. जुलै 2021 मध्ये 45 दिवसांचा सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, आला तेव्हा त्यांनी सुरुवात वजाबाकीनेच केली.

सगळी लेकरंही जमली नाहीत. गेलेल्या अकरांपैकी पाच जणांच्या घरी टच मोबाईल होता. तिघांपर्यंत टोळीतल्या दुसऱ्याच्या फोनवरून पोचता आलं. तिघांपर्यंत पोचताच आलं नाही. ज्यांच्याकडे फोन होता तिथेही तो बापाच्या खिशात, दिवसभर फडात, आणि संध्याकाळी चार्जिंग संपलेलं. 'असर' या शिक्षणाविषयीच्या अहवालाच्या 2021 च्या ग्रामीण पाहणीत शाळेत नाव असलेल्या 67.6 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतल्या 26.1 टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. आकडा देशाचा आहे, पण त्यातली मुलं बाईंच्या वहीत नावानिशी आहेत.

गावात राहिलेल्या सहा लेकरांसाठी बाई मास्क लावून आजी-आजोबांच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. यात ऑनलाइन काहीच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत चांगलं शिकणं तिथेच झालं.

कागदोपत्री यातलं फार काही उमटलं नाही. रोज भरायच्या माहितीत 'कोणत्या साधनाने अध्यापन केले' असा रकाना होता. झूम, मीट, दीक्षा वगैरे पर्याय, आणि शेवटी 'इतर'. बाई रोज 'इतर' निवडायच्या. विद्यार्थिसंख्येत त्या पोचलेली लेकरंच लिहायच्या. शेजारच्या शाळांचे आकडे पूर्ण पटाएवढे असायचे, माझ्याही शाळेचे. बाईंना एकदा विचारणा झाली, कमी का? त्यांनी तिघांची नावं आणि ती कुठल्या जिल्ह्यात आहेत ते लिहून दिलं. पुढे काही आलं नाही.

एप्रिल 2021 मध्ये टोळ्या परतल्या. ती चौथीतली मुलगी गोष्टीचं पुस्तक वाचत आली. तिच्याच आळीतली, फोन नसलेल्या घरातली दुसरी मुलगी, जाताना जिथे होती त्याच्या मागे गेली होती. मी पहिलीबद्दल बोलायला लागलो की बाई दुसरीचं नाव काढतात.

1 डिसेंबर 2021 ला ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरायला परवानगी मिळाली. वीस महिन्यांनी कुलूप उघडलं, पण तोवर गाड्या परत निघून गेल्या होत्या. बाईंनी दिवसा हजर लेकरांना शिकवलं आणि संध्याकाळी साडेसातला माइक धरला. शाळा सुरू झाल्यावरही हे चालू ठेवणारं आमच्या केंद्रात दुसरं कोणी नव्हतं. वही त्या वर्षी नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाने मागितली, तेव्हा बाईंनी ती न देता त्याला समोर बसवून, त्याच्या हातात फोन देऊन, त्याची त्याला लिहायला लावली. जुनी वही मग माझ्याकडे आली.

2022 च्या दिवाळीनंतर गाड्या भरायच्या दिवशी मी सहज वस्तीवर गेलो होतो. ट्रकमध्ये पत्रे चढत होते. बाई गाडीपाशी उभ्या राहून एकेका आईचा मोबाईल बघत होत्या, घेत नव्हत्या, नुसत्या शेजारी उभं राहून सांगत होत्या. नंबर जतन झाला का, माझं नाव दिसतं का. एका आईला वाचता येत नव्हतं, तिला नाव दिसून उपयोग नव्हता. बाईंनी तिला आपल्यासमोर फोन धरायला लावला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "काढ फोटो. नावाच्या जागी हाच लाव." पहिला फोटो हलला. दुसऱ्यात डोळे मिटले. तिसरा तिने लावला, बाईंनी तिथूनच तिला एक रेकॉर्डिंग पाठवलं, आणि माइक निळा होईपर्यंत ड्रायव्हरला थांबवून ठेवलं.